दोघांनी पाहिला तरच

"एका जोडीत दोघं. एकाने लिहायचं, बघायचं दोघांनी. आणि पक्षी दोघांनी पाहिला तरच नोंद!" पक्षिगणनेचे प्रमुख काका दरवर्षी तळ्याकाठी हे ओरडून सांगतात. मागच्या हिवाळ्यात मी पहिल्यांदाच गेले होते. तळं घरापासून चालत बारा मिनिटांवर, आणि सुट्टीच्या दिवशी आईची टकळी ऐकण्यापेक्षा थंडी परवडली! चिठ्ठ्या काढल्या, आणि माझ्या वाट्याला तो आला.

"चौकातलं चष्म्याचं दुकान माझं," तो म्हणाला. "डोळे तपासतो."

"मी वजनकाटे तपासते. सरकारी."

"बाप रे! म्हणजे आज मापात राहावं लागणार."

मी हसले. चक्क हसले. ऑफिसात मला हसताना पाहिलेलं माणूस शोधून सापडायचं नाही. तासाभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. दुर्बीण एकच होती. ती माझ्या हातात देताना त्याची बोटं जरा जास्तच रेंगाळायची... की मलाच तसं वाटायचं? धुकं होतं, हात गारठले होते, आणि मला घरी जायचं नव्हतं.

तेवढ्यात तो कुजबुजला, "ते वाकडं झाड... खालची फांदी... लाल छातीचा माशीमार! अगं, इथे आजवर कुणी पाहिला नाहीये!"

मी दुर्बीण लावली. नुसती फांदी हलत होती.

"दिसला नाही."

"मी पाहिला ना. लिही."

"नियम म्हणजे नियम."

"अख्खा चौक डोळ्यांसाठी माझ्याकडे येतो, बाई!"

"येऊ दे की. मी नाही पाहिला."

"माझ्या शब्दावर लिही... एवढं तरी."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं. मला ते ऐकू आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण माझा हट्ट ना! मी पेनाला टोपण लावलं. "बरं, इन्स्पेक्टरबाई," म्हणून तो हसला, आणि त्यानंतर आम्ही फक्त बदकं मोजली.

वर्षभर मी त्या दुकानावरून येत-जात राहिले. डोळे मेले ठणठणीत, आत शिरायला निमित्त काय सांगणार? मनाशी मात्र पक्कं केलं होतं – पुढच्या गणनेला आमचीच जोडी पडली, तर सरळ सांगून टाकायचं. तू मला आवडतोस. बस्स. आरशासमोर म्हणूनही पाहिलं.

आज काकांनी जुन्या जोड्या तशाच ठेवल्या. या वेळी लिहायची पाळी त्याची होती.

"कशी आहेस?" वहीत तारीख घालता घालता त्याने विचारलं.

"मजेत. तू?"

"लग्न ठरलं माझं. मागच्या रविवारी."

"अरे वा!" मी म्हटलं. कसं म्हटलं, देव जाणे.

मग धोबी पक्षी मोजले, खंड्या मोजले. वाकड्या झाडापाशी आलो आणि त्याचा फोन वाजला. तिचाच असणार. तो पाठ फिरवून हळू आवाजात बोलायला लागला. मी कुठेतरी बघायचं म्हणून झाडाकडे बघितलं... आणि खालच्या फांदीवर तो बसलेला! एवढासा जीव, लालचुटूक छाती. शेपटी दोनदा उडवली आणि भुर्रकन गेला.

तो फोन ठेवून वळला. "काय गं? रडतेयस?"

"माशीमार," मी म्हटलं. "तोच. त्याच फांदीवर. तू खरं बोलत होतास रे."

तो वही उघडून लिहायला लागला.

"अरे, तू कुठे पाहिलास!"

"तू पाहिलास ना? तुझ्या शब्दावर लिहितोय." मान वर न करता तो पुढे म्हणाला, "मागच्या वर्षी तू लिहिला असतास, तर तुला विचारायचं ठरवलं होतं. नाही लिहिलंस. म्हटलं, एका पाखरापुरताही जिला माझा शब्द पटत नाही..."

"अरे, मग तोंडाने विचारायचंस ना, मूर्खा!"

"'एवढं तरी' म्हटलं होतं की गं."

"मी आज तुला सांगायला आले होते—"

"नको," तो म्हणाला. अगदी हळू. "आता नको."

परतल्यावर काका वही बघून उडालेच. "माशीमार! दोघांनी पाहिला ना?"

"हो," तो म्हणाला. बिनदिक्कत खोटं, माझ्यासाठी.

काकांनी वही माझ्यापुढे सरकवली. नोकरीत आजवर एका खोट्या मापावर मी शिक्का मारलेला नाही. आज मुकाट्याने सही केली. बारा मिनिटांवरचं घर गाठायला मला दीड तास लागला.