काळं पाणी का आलं नाही?

सायकलींत हवा भरून झाली होती, डबे बांधून झाले होते, आणि टेकडीपलीकडच्या तळ्यावर आधी कोण पोचणार यावरून एक भांडणही उरकलं होतं. तेवढ्यात वरून आत्याची हाक आली.

"तिघंही वर या. सायकली राहू द्या."

आत्याचं पाळणाघर इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होतं. दोन ते पाच वर्षांची अठरा मुलं तिथे दिवसभर असत. मदतीच्या मावशी कालपासून आजारी होत्या, त्यामुळे आत्या एकटी पडली होती.

हाक ऐकून सगळ्यांत आधी जिना चढली ती चिकटपट्टी. ती आत्याची भाची, वय वर्षं बारा. एकदा एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही, म्हणून तिच्या बाबांनीच तिला हे नाव दिलं होतं. तिच्या मागे भोंगा आला. तो तिच्या वर्गातला, शेजारच्या इमारतीतला. त्याने कानात काही सांगितलं तरी ते रस्त्यापलीकडे ऐकू जाई. शेवटी धापा टाकत आली त्याची सात वर्षांची बहीण. प्रत्येक खेळात तिला लिंबूटिंबू म्हणून घेतलं जायचं, त्याचं पुढे नुसतं लिंबू झालं होतं.

वर गेल्यावर दिसलं, की आत्याचा चेहरा उतरलेला आहे.

"गुब्बूला काल दवाखान्यात न्यावं लागलं," ती म्हणाली. "दुपारी एकदम मलूल पडला. डॉक्टर म्हणाले, पोरगं पाणीच पीत नाहीये. त्याची आई म्हणते, पाळणाघरात लक्ष देत नाहीत. अगं, मी दर तासाला पेला पुढे करते. हे सगळेच तोंड फिरवतात."

टेबलावर अठरा छोटे पेले होते. बहुतेक सगळे भरलेले.

लिंबूने एक पेला उचलला, नाकाशी नेला आणि परत ठेवला. "हे पोहायच्या तलावाचं पाणी आहे," ती म्हणाली.

"काहीतरीच काय," आत्या म्हणाली. "फिल्टरचं पाणी आहे ते. बारा दिवसांपूर्वीच त्याच्या आतली कार्ट्रिज, ती पाणी गाळणारी नळी, बदलून घेतली. तारीख बघ की."

ओट्याखाली पांढरा, उभा फिल्टर होता. त्यावर चकचकीत कागद चिकटवला होता आणि त्यावर बारा दिवसांपूर्वीची तारीख होती.

"पण वास येतोय," लिंबू म्हणाली.

"पाइपांची दुरुस्ती चाललीये ना, म्हणून महिनाभर पाण्यात औषध जास्त घालणार आहेत. खाली नोटीस लागलीये. पण ते नळाच्या पाण्यात. फिल्टरमधून येताना ते निघून जातं. या पोरांची सगळी नाटकं आहेत. एकाने नको म्हटलं की बाकीच्यांचंही नको."

चिकटपट्टीने एक घोट नळाचा घेतला, एक फिल्टरचा. मग पुन्हा दोन्ही घेतले. तिला दोन्ही सारखेच लागले.

"आत्या, अठरा जणांचं एकच नाटक कसं असेल?" तिने विचारलं.

आत्याने काही सांगायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात कोणीतरी कोणाच्या केसांत माती घातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पोहण्याच्या तलावावर गेली, पण पाण्यात उतरली नाहीत. तिथे शिकवणाऱ्या ताई रोज सकाळी तलावाचं पाणी एका छोट्या काचेच्या नळीत घेत आणि त्यात दोन थेंब टाकत. पाणी गुलाबी होई. हे तिघांनी अनेकदा पाहिलं होतं, पण का, ते कधी विचारलं नव्हतं.

"क्लोरीन आहे की नाही ते कळतं," ताई म्हणाल्या. "जितकं जास्त, तितका रंग गडद. क्लोरीन वाईट नाही हं. ते जंतू मारतं, म्हणून तर पाणीखातं ते घालतं. फक्त त्याला वास येतो, चव येते, आणि लहान मुलांना ती अजिबात आवडत नाही."

"आणि फिल्टर ते काढतो कसा?" चिकटपट्टीने विचारलं.

"आतल्या कार्ट्रिजमध्ये खास तयार केलेला कोळसा असतो. चमचाभर कोळशात इतकी बारीक छिद्रं असतात, की ती उलगडून पसरली तर एक अख्खं मैदान झाकलं जाईल. क्लोरीन आणि वास येणाऱ्या गोष्टी त्या छिद्रांत अडकून राहतात. पाइपांतून आलेली काही रसायनंसुद्धा. पण बसमध्ये सगळ्या जागा भरल्या की पुढचा माणूस चढू शकतो का?"

"आमच्या बसमध्ये चढतो," भोंगा म्हणाला.

"कोळशात नाही चढत. जागा भरल्या की सगळं तसंच पुढे जातं. म्हणून ठरावीक महिन्यांनी कोळसा बदलायचा. आणि जुना तसाच ठेवला तर आणखी एक धोका. कोळसा जंतू मारत नाही. उलट क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे जुन्या, ओल्या कोळशात जंतू घर करू शकतात."

चिकटपट्टीने हात पुढे केला. "ताई, थेंबांची एक बाटली आणि थोड्या नळ्या काही दिवस द्याल?"

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. "कशाला ते नंतर सांग. पण थेंब तोंडात जाऊ द्यायचे नाहीत, आणि नळी वापरून झाली की धुवायची."

दुपारी मुलं झोपल्यावर आत्याच्या ओट्यावर तीन नळ्या उभ्या राहिल्या. पहिलीत नळाचं पाणी होतं. दुसरीत पाळणाघराच्या फिल्टरचं. तिसरीत भोंग्याच्या घरच्या फिल्टरचं, ते त्याने बाटलीतून आणलं होतं. चिकटपट्टीने प्रत्येकीत दोन थेंब टाकले.

पहिली गुलाबी झाली. दुसरी तितकीच गुलाबी झाली. तिसरी जशीच्या तशी राहिली.

आत्याने दुसरी नळी उचलून उजेडात धरली. "पण कार्ट्रिज बदललीये ना रे," ती हळूच म्हणाली. "माझ्या समोर बदलली."

"आमची आईने मागच्या महिन्यात स्वतः बदलली," भोंगा म्हणाला. "मी पाना धरला होता. सगळा ओटा काळा झाला होता."

"काळा का?"

"नव्या कोळशाची भुकटी असते ना. पहिलं पाणी काळं येतं. आईने बादलीभर सोडून दिलं, तेव्हा कुठे स्वच्छ आलं."

चिकटपट्टी एकदम आत्याकडे वळली. "इथे काळं पाणी आलं होतं?"

आत्याने आठवून पाहिलं. "नाही. फिल्टरवाल्याने नळ सोडला आणि लगेच पेला भरून दिला. म्हणाला, बघा ताई, काचेसारखं पाणी."

म्हणजे नवी कार्ट्रिज बसवलीच नव्हती, हे चौघांनाही कळलं.

संध्याकाळी तिघं नळ्या घेऊन मॅनेजरकाकांकडे गेली. इमारतीतल्या सगळ्या फिल्टरांची देखभाल ते बघत. म्हणजे त्यांच्या मते बघत. त्यांनी नळ्यांकडे पाहिलंही नाही आणि फाइल उघडली.

"हा घ्या कागद. काम पूर्ण. खाली माझी सही. छत्तीस घरांचं काम झालंय. सुट्टीत दुसरे खेळ नाहीत का तुम्हाला?"

"सही करायच्या आधी तुम्ही वर येऊन बघितलं होतं का?" चिकटपट्टीने विचारलं.

"मुली, छत्तीस घरी मी काय फिल्टरमध्ये डोकं घालत बसू?"

बाहेर आल्यावर भोंगा चिडून काहीतरी बोलायला लागला. चिकटपट्टीने त्याला थांबवलं. "चिडून उपयोग नाही. नळ्या दाखवल्या की म्हणतील थेंब खराब आहेत. त्या माणसाला आपल्यासमोर पुन्हा कार्ट्रिज बदलायला लावायची. आणि या वेळी जुनीवर खूण करून ठेवायची."

आत्याने फिल्टरवाल्याला फोन केला. पाण्याला वास येतोय, एवढंच सांगितलं. तो परवा येतो म्हणाला.

पण परवापर्यंत अठरा मुलांनी काय प्यायचं? भोंग्याच्या आईने सांगितलं, आमच्या फिल्टरचं न्या. शेजारच्या इमारतीतून, अंगण ओलांडून, चार मजले वर. दोन दिवस तिघांनी सकाळ-दुपार कॅन वाहिले. भोंग्याचे खांदे भरून आले. चिकटपट्टीच्या बोटांना कॅनच्या कडीचे वळ उठले. लिंबू दोन्ही हातांनी एकच बाटली धरून प्रत्येक पायरीवर थांबायची, पण रिकाम्या हाताने एकदाही वर आली नाही. पहिल्या दुपारीच टेबलावरचे बरेचसे पेले रिकामे दिसले. आत्या ते पेले विसळत उभी होती. तिने डोळे पुसले ते कोणाला दिसू नये म्हणून ती खिडकीकडे वळली.

फिल्टरवाला यायच्या आदल्या संध्याकाळी आत्याने पाण्याची चावी बंद केली आणि पाना लावून फिल्टरचं भांडं उघडलं. आतून कोंदट वास आला. कार्ट्रिज बोटांना बुळबुळीत लागत होती. चिकटपट्टीने तिचं खालचं झाकण फडक्याने कोरडं केलं आणि आत्याच्या नखांना लावायच्या लाल रंगाचा एक ठिपका त्या झाकणातल्या भोकाच्या आतल्या कडेला दिला. वरून बघणाऱ्याला तो दिसला नसता. ठिपका वाळल्यावर सगळं होतं तसं बसवलं.

ठरल्याप्रमाणे फिल्टरवाला आला. आत्याने आग्रह करून मॅनेजरकाकांनाही वर बोलावून घेतलं होतं. ते दारातच घड्याळ बघत उभे राहिले.

फिल्टरवाल्याने भराभर भांडं उघडलं आणि जुनी कार्ट्रिज पिशवीत टाकली. "नवी खाली गाडीत आहे, आणतो," म्हणत तो जिना उतरला.

भोंगा आधीच खाली, सायकलींच्या मागे बसला होता. त्याला चिकटपट्टीने एकच काम दिलं होतं, गप्प राहायचं. ते त्याच्यासाठी कॅन वाहण्यापेक्षा अवघड होतं.

पाच मिनिटांनी फिल्टरवाला वर आला तेव्हा त्याच्या हातात कोऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कार्ट्रिज होती. त्याने सगळ्यांसमोर प्लॅस्टिक फाडलं, कार्ट्रिज बसवली, नळ सोडला. पाणी पहिल्या थेंबापासून स्वच्छ होतं.

"बघा," तो म्हणाला. "काचेसारखं."

"काका, काळं पाणी का आलं नाही?" चिकटपट्टीने विचारलं.

त्याचा हात क्षणभर थांबला. "ते जुन्या कंपन्यांचं असतं. ही नवीन पद्धतीची आहे."

तेवढ्यात भोंगा धावत आला आणि त्याने चिकटपट्टीच्या कानात सांगितलं. नेहमीप्रमाणे ते सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"तीच आहे! गाडीत बसून फडक्याने पुसली आणि प्लॅस्टिकमध्ये घातली!"

"पोरांचं काय ऐकता साहेब," फिल्टरवाला हसला. "घाईत आहे मी. सही द्या."

मॅनेजरकाकांनी खिशातून पेन काढलं. चिकटपट्टी त्यांच्या आणि कागदाच्या मधे जाऊन उभी राहिली.

"काका, सहीच्या आधी भांडं उघडा. खालच्या भोकाच्या आत लाल ठिपका असेल तर ती जुनी आहे. नसेल तर मी सगळ्यांसमोर यांची माफी मागीन."

"उगाच आळ घेताय तुम्ही," फिल्टरवाला म्हणाला आणि पाना उचलून पिशवीत टाकायला लागला. आत्याने तो त्याच्या हातातून घेतला.

"मी उघडते," ती म्हणाली. "माझ्या घरात अठरा मुलं पाणी पितात."

भांडं उघडलं. आत्याने कार्ट्रिज उलटी करून मॅनेजरकाकांच्या डोळ्यांसमोर धरली. लाल ठिपका होता तिथेच होता.

फिल्टरवाल्याने कपाळावरचा घाम पुसला. "पाणी दिसायला तर स्वच्छच होतं ना," तो पुटपुटला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नव्या कार्ट्रिज तो दुसरीकडे विकत होता आणि इथे जुन्याच पुसून बसवत होता. कोणी बघत नाही, हे त्याला पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

मॅनेजरकाकांनी पेन खिशात ठेवलं. त्यांचे कान लाल झाले होते. "छत्तीस घरं," ते स्वतःशीच म्हणाले. "आणि छत्तीस सह्या माझ्या."

त्या माणसाचं काम त्याच दिवशी सुटलं आणि कंपनीकडे लेखी तक्रार गेली. दोन दिवसांनी कंपनीच्या मोठ्या बाई स्वतः नव्या कार्ट्रिज घेऊन आल्या. पाळणाघरात पहिली बसवली. नळ सोडल्यावर आधी फुसफुस हवा आली आणि मग काळंकुट्ट पाणी. मॅनेजरकाका घाबरून मागे सरले. बाकी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन बादल्या गेल्यावर पाणी निवळलं. लिंबूने नळीत थेंब टाकले, आणि रंग आला नाही.

गुब्बूची आई त्याला परत घेऊन आली होती. सगळं ऐकल्यावर ती आत्याला म्हणाली, "मी उगाच तुम्हाला बोलले."

"तुमचं काही चुकलं नाही," आत्या म्हणाली. "अठरा मुलं रोज मला सांगत होती, पाणी बरं नाही. मी म्हटलं, नाटकं करताहेत. सात वर्षांच्या मुलीने एकदा वास घेतला आणि ओळखलं. आणि या दोघांनी तिचं ऐकलं. मी मोठी असून ऐकलं नाही." मग तिने तिघांना जवळ ओढलं. "तुम्ही नसता तर मी अजून पेलेच पुढे करत बसले असते."

भोंग्याला काय बोलावं ते सुचलं नाही. असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

"आता बाकीची पस्तीस घरं," चिकटपट्टी म्हणाली.

"बाई बदलतील की सगळीकडे," आत्या म्हणाली. "तुमची सुट्टी गेली सगळी."

"बदलतील. पण तपासणार कोण?"

यावर मॅनेजरकाका पुढे आले. त्यांनी ओट्यावरचा नळ्यांचा खोका उचलला आणि काखेत धरला.

"थेंब तुम्ही टाका," ते म्हणाले. "मी सही करीन. पण या वेळी रंग बघितल्यावरच."

आणि बाईंच्या पाठोपाठ चौघं मिळून समोरच्या दाराची घंटा वाजवायला निघाली.