बाहेर बघून बोल

लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. खाली गूळ उकळला की वरच्या फायलींनाही गोड वास येतो. आम्ही घाटातल्या सिग्नलचं सॉफ्टवेअर तपासतो. नुसत्या चाचणीवर आमचं भागत नाही. गाडी चुकीच्या रुळावर जाणारच नाही हे गणिताने सिद्ध करावं लागतं, मगच माझी सही.

हा खाक्या माझ्या अब्बांचा. चाँदभाई, खंडाळ्याच्या रेल्वे सिग्नल केबिनमधले. त्यांचे जोडीदार कोंडाजीआबा सिग्नलच्या लिव्हरवर हात ठेवून विचारायचे, "मोकळं?" खिडकीतून अब्बा म्हणायचे, "मोकळं हाय." मगच लिव्हर ओढायची. एकदा सुट्टीत मीच आबांकडे बघून लाडात "मोकळं" म्हटलं, तर अब्बा केवढे चिडले! "त्येच्याकडं बघून न्हाई, सुमय्या. भाईर बघून बोल." मग डब्यातला खिमा मात्र मलाच जास्त वाढला. अब्बा गेले, तरी तो डबा मी अजून वापरते.

म्हणून आमचीही दोन यंत्रं, खंडाळ्याच्या त्याच केबिनमध्ये. त्यांचे प्रोग्रॅम दोन गटांनी एकमेकांचं न बघता लिहिले. पहिलं विचारतं; दुसरं रूळ स्वतः तपासून "मोकळं" म्हणतं, तरच सिग्नल.

गुरुवारी एकशे तेरा मार्गांपैकी सातव्याला दुसरं यंत्र गप्प बसलं. रूळ रिकामा, गणित पक्कं. माझा सहकारी प्रज्ञेश, त्याने ते यंत्र काढून दुरुस्तीला पुण्याला धाडलं आणि नवीन बसवायला माणूस बोलावला. शुक्रवारी दुपारी ऑफिसातून पुन्हा तपासलं. सातव्यालाच पुन्हा गप्प. प्रज्ञेश घाई करायला लागला.

"ताई, सही करा. साडेचारला ड्रायव्हर सत्यम चाचणीची गाडी घेऊन सातवरून उतरायचाय. रूळ तर रिकामा दिसतोय ना?"

मी कार्ल्याला आबांना फोन लावला.

"आबा, अब्बा कधी गप्प राहायचे?"

"दोन-तीनदा. रूळ मोकळा दिसायचा, पर चाँदभाई बोलायचा न्हाई. मग मी हात काढायचो."

"का, ते विचारलं नाहीत?"

"तुज्या बापाला? न्हाई बा."

मी सही केली नाही. सत्यमला थांबवलं. प्रज्ञेश तणतणत चहाला गेला.

चार चाळीसला फोन आला. सातवर दरड कोसळली होती.

प्रज्ञेश जिना चढून आला, हातात खोकं.

"ताई, नवीन यंत्र खाली चिक्कीवाल्याकडेच पडलं होतं. बसवायला कुणी आलंच नाही."

खोक्याची पट्टीसुद्धा फाटलेली नव्हती.

मी दुपारची नोंद उघडली. सातव्यापुढे कोरं.

बाकी एकशे बारा ओळींपुढे उत्तर होतं. आमच्या प्रोग्रॅममध्ये कुठेच नसलेलं.

"मोकळं हाय."