नानांची शेवटची सोंगटी

चंद्रावरच्या प्रयोगशाळेत ऋता शेवडे कॅरमपुढे बसली होती. हा बोर्ड तिनेच घडवलेला. त्याला ती गतिपाट म्हणे. तसाच दुसरा कराडला, तिच्या वडिलांपुढे, नानांपुढे. त्यांनी तिकडे स्ट्रायकर मारला, की इकडच्या आभासी खोलीत त्यांचं प्रतिरूपही मारी. पण पृथ्वीवरून संकेत यायला सव्वा सेकंद लागतो, आणि तेवढ्या उशिराने हलणारं माणूस परकं वाटतं. म्हणून गतिपाट वाट पाहत नसे. सुरुवातीला शिकलेल्या नानांच्या हजारो नेमांवरून तो पुढची हालचाल आधीच दाखवी. खरा संकेत वेगळा निघाला, तर प्रतिरूपाच्या हाताला हिसका बसून चूक दुरुस्त होई.

महिनाभर नानांच्या हाताला हिसके बसत होते.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला होता. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात घालवलेली ती बोटं पुन्हा दगा देतायत, या भीतीने ऋताची झोप उडाली. पृथ्वीवर परतीचं यान आज निघणार होतं. पुढचं आठ महिन्यांनी. "माझ्यासाठी काम टाकून यायचं नाही," असं नानांनी यानाची तारीख कळताच बजावलं होतं. तरी तिने सामान बांधलं, आणि हिसक्यांच्या नोंदी तळावरच्या डॉक्टर लीना डाबरेंना दाखवल्या.

"हात खरंच अधू झाला असता, तर चुका कुठेही झाल्या असत्या," लीना म्हणाली. "या बघ कुठे आहेत."

सगळ्या नानांच्या शेवटच्या सोंगटीवर होत्या. दर वेळी पॉकेटपासून बोटभर बाजूला, अगदी तेवढ्याच अंतरावर.

"मुद्दाम हुकवतात?"

"इतकं मोजून हुकवायला हात धडधाकट लागतो. ते आजारी नाहीत गं. त्यांना डाव संपवायचा नाहीये."

आता जायचं कारणच उरलं नव्हतं. ऋता पाटापाशी परतली. तिची शेवटची सोंगटी पॉकेटच्या तोंडाशीच होती. तिने नेम धरला आणि सोंगटी बोटभर बाजूने जाऊ दिली.

कराडमध्ये तिच्या प्रतिरूपाच्या हाताला हिसका बसला असणार. नानांचा स्ट्रायकर जागचा हलला नाही. सव्वा सेकंद जायला, सव्वा यायला; त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ.

मग त्यांनी स्ट्रायकर मारला. सोंगटी सरळ पॉकेटात गेली. हिसका बसला नाही.

"संपला डाव," नाना म्हणाले. "ऊठ पोरी, यान चुकेल."