कर्दळीला पाजलेला चहा

"अगं बाई!" दार उघडताच रेंगानिस दोन पावलं मागं सरली. प्रयोगशाळेच्या उंबऱ्यात राखेनं नखशिखान्त माखलेला एक माणूस उभा होता. खांद्यावर पोतं, पापण्यांवरसुद्धा राख.

"भिऊ नका, म्बाक..." तो म्हणाला आणि सणसणीत शिंकला. राखेचा ढग उडाला, अन् आतून बऱ्यापैकी देखणा चेहरा निघाला. "मी जत्मिको, बांधकाम कंपनीचा इंजिनियर. वाटेत पोतं फाटलं."

"मला वाटलं, मेरापी ज्वालामुखी पुन्हा फुटला!"

तो हसला. ते हसू रेंगानिसला दिवसभर आठवत राहिलं, आता काय सांगायचं!

इंडोनेशियातल्या जोगजा शहरात अनोळखी मुलीला म्बाक म्हणतात, म्हणजे ताई, मुलाला मस, म्हणजे दादा, आणि वडीलधाऱ्या माणसाला पाक. बायका नवऱ्यालाही मसच म्हणतात. कुठला मस कुठला, ते आवाजावरून कळतं.

राख होती भाताच्या तुसाची. सिमेंटचा पाचवा हिस्सा काढून त्या जागी ही राख घालायची आणि स्वस्तात पक्की घरं उभी करायची, हे रेंगानिसचं दोन वर्षांचं संशोधन. विद्यापीठानं आणि कंपनीनं ते मिळून पुढं न्यायचा करार केला होता. पण कंपनीचे साहेब, पाक सुगेंग, पक्के व्यवहारी. पहिली चाचणी फसली की करार रद्द, असं त्यांनी बजावून ठेवलेलं. म्हणजे रेंगानिसनं गाशा गुंडाळायचा आणि बांडुंगला माघारी जायचं. साहेबांना गळ घालून राजी केलं होतं जत्मिकोनं, त्यामुळे त्याचाही शब्द पणाला लागलेला.

जत्मिको रोज सकाळी यायचा, आणि येताना चहा आणायचा. मोगऱ्याच्या वासाचा, खडीसाखर घातलेला, जोगजाच्या चालीप्रमाणे गोडमिट्ट! रेंगानिस पडली बांडुंगची. तिकडं चहा फिक्काच पितात. पण माणूस एवढ्या हौसेनं ग्लास पुढं करतो... नाही कसं म्हणायचं?

"कसा झालाय?"

"फार छान, मस."

एक घोट घ्यायचा, आणि त्याची पाठ वळली की उरलेला खिडकीतल्या कर्दळीला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटं नाही.

काँक्रीट कालवायच्या दिवशी मात्र कर्दळ जागेवर नव्हती.

"मुंग्या फार झाल्या होत्या, म्हणून अंगणात ठेवली," जत्मिको म्हणाला. "कुठून येतात, कोण जाणे!"

रेंगानिसनं घाईघाईनं इकडं तिकडं पाहिलं. पायाशी दोन निळ्या बादल्या होत्या, एक हात धुवायच्या पाण्याची आणि एक काँक्रीटच्या मोजलेल्या पाण्याची. तिनं हात धुवायच्या बादलीत ग्लास रिकामा केला. निदान तिला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाक सुगेंग आले. जत्मिकोनं साचा उघडला. साहेबांनी ठोकळ्यावर बोट टेकवलं आणि ते सरळ आत गेलं.

"हा ठोकळा की शिरा?" साहेब गरजले. "ही राख भांडी घासायला बरी. करार संपला!"

तेवढ्यात जत्मिको पुढं झाला.

"राखेचा दोष नाही, पाक. पाणी मी मोजलं होतं. चुकलं असेल... माझ्याकडून."

"मग उद्यापासून साइटवरही येऊ नकोस!"

त्यानं पाणी दोनदा मोजलेलं रेंगानिसनं स्वतः पाहिलं होतं. मग हा असं का...? तिची नजर खाली गेली. काँक्रीटच्या पाण्याच्या निळ्या बादलीच्या काठावर मुंग्यांची रांग लागली होती. अरे देवा! साखर पडली की सिमेंट पकड घेत नाही, हे ती पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवत होती.

गप्प बसली असती तर राख वाचली असती, तीही वाचली असती. पण तो?

"थांबा, पाक!" ती म्हणाली. "चूक यांची नाही, माझी. त्या पाण्यात मी चहा ओतला... यांनी आणलेला."

"का?" साहेबांनी विचारलं.

"मला गोड चहा आवडत नाही."

जत्मिकोनं तिच्याकडं पाहिलं, मग अंगणातल्या कर्दळीकडं. "म्हणजे... रोजचा?"

रेंगानिसनं मान खाली घातली. पाक सुगेंग मात्र पोट धरून हसायला लागले.

"नवे ठोकळे ओता. हे जुनेही राहू देत, बघू काय होतं ते. अठ्ठावीस दिवसांनी दाबून पाहू. तेव्हा ठरलेल्या दाबाआधीच फुटले, तर करारही फुटला. आणि जत्मिको, तू साइटवर ये. पण चहा आणू नकोस!"

आठ दिवस चहा आला नाही. रेंगानिसला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. नवव्या दिवशी टेबलावर दोन ग्लास आले.

"हा माझा गोड. हा तुमचा फिक्का," जत्मिको तिच्याकडं न बघता म्हणाला. "आईला बिनसाखरेचा करायला सांगितलं, तर म्हणाली, कोण आजारी आहे रे?"

रेंगानिस हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "मस... त्या दिवशी तुम्ही सगळं अंगावर का घेतलंत?"

"दोन वर्षं तुम्ही त्या राखेत घालवलीत. मी तर एकदाच शिंकलो..."

अठ्ठाविसाव्या दिवशी नवे ठोकळे दाबयंत्राखाली गेले. दाबाचा पंचवीसचा आकडा गाठायचा होता, त्यांनी सव्वीस गाठला. मग पाक सुगेंग म्हणाले, "आता तो शिरा आणा." काटा सरकत राहिला... सव्वीस, सत्तावीस... एकोणतीसला ठोकळा फुटला!

"असं कसं?" साहेब चक्रावले.

"चिमूटभर साखर असली, तर काँक्रीट उशिरा धरतं, पाक. पण कधीकधी मागाहून जास्त घट्ट धरतं," रेंगानिस म्हणाली. जत्मिको तिच्याकडंच बघत होता. ती लाजून लालेलाल झाली.

साहेबांनी सही केली आणि ते गेले. टेबलावर दोन ग्लास तसेच होते.

"आई म्हणते," जत्मिको घसा खाकरून म्हणाला, "घरात फिक्का चहा कायमचाच सुरू करावा... बांडुंगचं कुणी येणार असेल तर."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी... मी हवं तर कर्दळ दारात लावतो. तुमची सोय."

रेंगानिसनं फिक्का ग्लास बाजूला सारला, त्याचा उचलला आणि तळाच्या खडीसाखरेसकट संपवला. दात शिवशिवले, पण एक थेंबही उरला नाही.

"आभारी आहे, मस," ती हळूच म्हणाली. आणि या वेळी तो कुठला मस, हे जत्मिकोला बरोबर कळलं.