धुक्यात धरलेला हात

ही घटना खरी आहे. डोंगराचं नाव तेवढं मुद्दाम सांगत नाही. पिंपरी-चिंचवडची निम्मी पोरं दर रविवारी तिथंच चढायला जातात.

गेल्या ऑगस्टमधला रविवार. सकाळचे साडेनऊ.

संत तुकाराम नगरची स्वरूपा नवऱ्यासोबत, धनेशसोबत, डोंगर चढत होती. दोघंही चाकणला कंपनीत. वर्षभर धनेश तिच्याशी धड बोलत नव्हता. शनिवारी मात्र आपणहून म्हणाला, "उद्या आपण दोघंच जाऊ."

ती हरखून गेली होती.

माथ्यावर पोहोचले आणि धुकं उतरलं. स्वतःचे पाय दिसेनात. ज्वालामुखीचा काळा कातळ, त्यावर शेवाळ.

"धनेश, मला भीती वाटतेय."

तिचा हात कुणीतरी धरला. घट्ट.

तिच्या जिवात जीव आला.

आणि मग...

"स्वरूपा, पुढं ये. इथं सपाट आहे."

धनेशचा आवाज. समोरून!

मग हा हात कुणाचा?

गार पडलेला हात... आणि त्याच्या मनगटावर बांगड्या किणकिणत होत्या. स्वरूपा तर बांगड्या घालतच नव्हती.

"ये ना! दोनच पावलं!"

तिनं हात झटकला. नवऱ्याकडे धावायला गेली. त्या हातानं तिला मागं खेचलं. ती पाठीवर आपटली.

वाऱ्यानं धुकं फाटलं.

एका पावलावर कडा होता. खाली दरी. हाक आली होती ती घळीपलीकडच्या कातळावरून. तिथं आता कुणीच नव्हतं.

शेजारीही कुणी नव्हतं...

रडत, बसत ती खाली उतरली. पायथ्याशी धनेश बाईकला किक मारत होता. तिला पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

'कुठं होतीस' असं त्यानं विचारलं नाही.

"तू... कशी आलीस?" म्हणाला.

चहाच्या टपरीवरची आक्काबाई तिला बाजूला घेऊन कुजबुजली, "ह्यो तर म्हनला, संगं कुनी न्हाई. बाई, वर कुनी हात धरला व्हता का?"

स्वरूपानं होकारार्थी मान हलवली.

आक्काबाईनं डोक्यावर पदर घेतला, डोंगराकडं बघून हात जोडले.

स्वरूपा सध्या चऱ्होलीला आईकडे आहे. धनेश फोनवर शपथा घेतो, "तुलाच शोधत होतो." आईही त्याचीच री ओढते. "धुक्यात होतात असे भास. नवरा आहे तो, जा."

येत्या रविवारी तो तिला न्यायला येतोय.

स्वरूपानं अजून बॅग भरलेली नाही...