सात भांडी आणि चिमूटभर साखर

मार्थानं शेजारचं दार वाजवलं, तेव्हा आतून आधी धूर बाहेर आला आणि मग एक तरुण. कोपरापर्यंत पीठ, डोळ्यांत पाणी आणि हातात अर्धी जळलेली भाकरी!

“आग लागली का हो?” तिनं घाबरून विचारलं.

“नाही... सैपाक चाललाय,” तो म्हणाला आणि भाकरी पाठीमागे लपवली.

आता मार्था तिथं का गेली, ते सांगायलाच हवं. तिचे वडील, नाना, धुळ्याच्या मिशनातले उपदेशक. त्या रविवारी देवळात त्यांनी शेजाऱ्यावरच्या प्रीतीविषयी तासभर उपदेश केला होता. “भिंतीपलीकडे कोण राहतं हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं स्वर्गाचा पत्ता विचारू नये!” असं म्हणून मूठसुद्धा आपटली होती. घरी आल्यावर मार्थाच्या आईनं, कमलबाईंनी, शांतपणे विचारलं, “आपल्या भिंतीपलीकडे कोण आलंय हो राहायला?” पंधरा दिवस झाले होते आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता. मग काय, पितळी वाडग्यात वांग्याचं भरीत भरून मार्थाची रवानगी झाली.

“मी याकोब चिंधा. शिरपूरकडचा. पोस्टात तारमास्तर,” तो म्हणाला. “रविवारी तारेची ड्यूटी असते, म्हणून देवळात दिसलो नाही. तुमचं नाव...?”

“मार्था. हे... भरीत.”

वाडगा घेताना त्याच्या बोटांचं पीठ तिच्या मनगटाला लागलं. संध्याकाळपर्यंत ती मनगट धुवायला विसरली. विसरली म्हणे!

पुढच्या आठवड्यात शेवयांची खीर गेली. मग डाळ, मग कळण्याची भाकरी आणि ठेचा. शेजारधर्म म्हणजे शेजारधर्म! फक्त भरताला फोडणी दोनदा का पडू लागली आणि शेजारी जायच्या आधी वेणी नव्याने का घातली जाऊ लागली, हे मात्र नानांच्या उपदेशात कुठंच नव्हतं.

“तुमच्या हातचं खाल्लं की तारयंत्रावर बोटं नाचतात बघा,” याकोब म्हणायचा.

“नाचू द्या. पण तार चुकीच्या गावी जायला नको!”

सगळं गोड चाललं होतं. एकच खोट होती. गेलेलं भांडं काही परत येत नव्हतं. वाडगा गेला, दोन वाट्या गेल्या, झाकणाची पातेली गेली. नाताळपर्यंत सात भांडी भिंतीपलीकडे मुक्कामाला!

“प्रीती करा, पण भांड्यांवर पाणी सोडून नको,” कमलबाई कुरकुरल्या. “मुलगा दिसायला साधा, पण भांडी लांबवण्यात पटाईत.”

मार्थाला ते लागलं. एक शब्द नाही, एक वाटी नाही... त्याच्या मनात काही असेल, असं तिला उगाचच वाटलं होतं.

अशातच जळगावहून निरोप आला. तिथले एक हेडमास्तर मार्थाला बघायला येणार होते. नानांनी तर सांगूनच टाकलं, “त्यांनी हो म्हटलं, की आपलंही हो.” मार्था रात्रभर उशीत तोंड खुपसून रडली आणि सकाळी मुकाट्यानं शिरा ढवळायला बसली.

हेडमास्तर आले, त्यांची आई मंजुळाबाई आली, आणखी तिघे आले. कमलबाईंनी फळीवर हात घातला तर फळी मोकळी! शिरा द्यायचा कशात?

“जा,” त्या दात ओठ खाऊन कुजबुजल्या, “आण माझी भांडी!”

मार्था तरातरा गेली. “माझी भांडी द्या,” ती म्हणाली आणि थबकली. फडताळात सातही भांडी चिंचेनं घासून, लखलखीत, ओळीनं मांडलेली.

याकोब खाली बघत आपल्या बोलीवर आला. “भांडं रिकामं धाडू नही, आसं मन्ही माय सांगे. आनि माले रांधता येत नही. दर आठवड्याले करी देखं... बठ्ठं जळी गयं.”

“अहो, मग चिमूटभर साखर घालून द्यायची! सगळे तसंच करतात.”

“ते माले म्हाईत शे.” त्यानं हळूच वर पाहिलं. “पण भांडं गयं, तर तुम्ही कसाले येशात?”

मार्थाच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. मग ती कशीबशी म्हणाली, “पाहुणे आलेत. मला... बघायला.”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

“तर आता साखर घाला,” ती दाराकडे वळत म्हणाली, “आणि तुम्हीच घेऊन या. पुढच्या दारानं.” हे ती भोळेपणानं म्हणाली की कसं, ते तिचं तिलाच ठाऊक.

थोड्या वेळानं याकोब आला. धुतलेला सदरा, हातात मोठं ताट आणि ताटात साखरेनं काठोकाठ भरलेली भांडी. बिचाऱ्यानं साखरेचा अख्खा डबा उपडा केला होता.

मंजुळाबाईंनी साखर पाहिली, मुलगा पाहिला, लाजेनं लाल झालेली मार्था पाहिली, आणि त्या ताडकन उठल्या. “साखरपुड्याची साखर दारात आली! मुलीचं आधीच ठरलंय, तर आम्हांला आगगाडीचे धक्के खायला कशाला बोलावलंत?”

“अहो, हा तर शेजारी...” नाना चाचरले. “काय रे, तू मागणी घालायला आलास?”

“मी... भांडी द्यायला आलो होतो,” याकोब म्हणाला. “पण तुम्ही विचारलंच आहे, तर... हो.”

खोलीत सगळे मार्थाकडे बघू लागले. ती पुढं आली, वाडग्यातली चिमूटभर साखर उचलली आणि नानांच्या तळहातावर ठेवली.

“नाना, तोंड गोड करा. शेजाऱ्यावर प्रीती करायला तुम्हीच सांगितलंत.”

नाना साखरेकडे बघत राहिले. स्वतःचाच उपदेश खाणं भाग होतं. त्यांनी तो खाल्ला, आणि मग त्यांना हसू आवरेना. शेवटी मंजुळाबाईंनीही चिमूटभर साखर तोंडात टाकलीच. तोंडात साखर असताना राग किती वेळ धरणार!

कमलबाई मात्र ताटावर वाकल्या होत्या. “सहाच आहेत. एक वाटी कुठंय?”

याकोबनं मार्थाकडे पाहिलं.

“ती राहू द्या, आई,” मार्था म्हणाली. “मीच येईन आणायला.”