पुढचा दस्ता

जुनी दुनळी बंदूक घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला पारख्याच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं असे: सगळे भाग मूळचे आहेत. सोमवारी आलेल्या बाईंचं सगळं उलटंच होतं.

“यातला एक भाग मूळचा नाही,” त्या म्हणाल्या. “तो कोणता, तेवढं शोधून द्या, भाऊ.”

बाई सत्तरीच्या. नवरा सुतार होता, सहा महिन्यांपूर्वी गेला. बंदुकीचा परवाना त्याच्या नावावर, त्यामुळे शुक्रवारी ती सरकारजमा करायची होती. एखादा लाकडी तुकडा घरी ठेवायला हरकत नाही, एवढं पोलीस ठाण्यातल्या कारकुनाने कबूल केलं होतं. आजारपणात नवरा हसून म्हणाला होता, “या बंदुकीत एक लाकूड माझ्या हातचं आहे. ओळख पाहू!” बाई अंदाज करत राहिल्या आणि तो न सांगताच गेला.

“त्यांनी केलेल्या कपाटांनी लोकांची घरं भरलीत,” बाई म्हणाल्या. “आमच्या घरात मात्र एक पाटसुद्धा नाही. सुताराची खाट मोडकी, तसलं.”

पारख्याने बंदूक खोलली. चाळीस वर्षं तो हेच करत आला होता. घाई त्याच्या रक्तातच नव्हती. नळ्या, चाप, खांद्याला टेकवायचा मागचा दस्ता, नळ्यांखाली धरायचा पुढचा दस्ता. प्रत्येक भागावर आतून एकच आकडा ठोकलेला: चारशे सतरा. दोन्ही दस्त्यांचं अक्रोडाचं लाकूड एकाच फळीतलं. मागच्याची काळी रेघ जिथे संपे, तिथूनच पुढच्याची सुरू होई. दस्त्यांच्या आतल्या पोकळीतले पटाशीचे घावही एकाच कारागिराचे, सगळे उजवीकडे कललेले, म्हणजे उजव्या हाताचे. त्याने सगळ्याचे फोटो काढले.

बुधवारी बाई आल्या, तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, “ताई, सगळं मूळचंच आहे. काही बदललेलं नाही.”

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“म्हणजे माझी समजूत काढत होते.”

पारख्याला राहवलं नाही. काहीतरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं, “डावखुरे होते का हो?”

“पक्के! शेजारी जेवायला बसलं की त्यांचं कोपर माझ्या कोपराला लागायचं. पन्नास वर्षं भांडले त्यावरून.” त्या हसल्या. मग म्हणाल्या, “आता एकटी जेवते, तरी जरा सरकूनच बसते.”

“उद्या पुन्हा एकदा बघतो,” पारखी म्हणाला. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी त्याने बंदूक ठेवलेलं लोखंडी कपाट उघडलं. किल्ली त्याच्याच कमरेला होती. पुढचा दस्ता सोडवून त्याने भिंगाखाली धरला आणि त्याचा हात थांबला.

आकडा तोच होता, चारशे सतरा. पण काळी रेघ मागच्या दस्त्याशी जुळत नव्हती. लाकूड दुसऱ्याच झाडाचं होतं. आणि आतले घाव डावीकडे कलले होते.

त्याने फोटो शेजारी ठेवला. फोटोत घाव उजवीकडे होते.

आतून बायको चहा घेऊन आली. त्याने भिंग तिच्या हातात दिलं. “अगं, कुठे कललेत सांग.”

“डावीकडे.”

“आणि फोटोत?”

तिने पाहिलं. पुन्हा पाहिलं. “अहो, फोटो उलटा छापलाय का?”

“आकडा सुलटा आहे ना त्यात.”

चहाचा कप तिने दस्त्यापासून जरा लांब ठेवला.

पारखी बराच वेळ कागदासमोर बसून राहिला. चाळीस वर्षांत स्वतःच्या डोळ्यांनी न पाहिलेलं त्याने कधी लिहिलं नव्हतं. शेवटी त्याने पाहिलं तेच लिहिलं: पुढचा दस्ता मूळचा नाही. काम डावखुऱ्या हाताचं. काम उत्तम.

दुपारी बाई आल्या. त्याने कागद वाचून दाखवला आणि दस्ता पुढे केला. कालचं चुकलं कसं, हे बाईंनी विचारलं नाही. त्यांनी पोकळीत बोट घातलं आणि एकेक घाव चाचपत गेल्या, झोपलेल्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवावा तशा.

“कसं ओळखू आलं नाही मला!” त्या पुटपुटल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

मग बोट नाकाशी नेऊन त्या थबकल्या.

“तेल ओलं आहे, भाऊ. तुम्ही लावलंत?”

पारख्याने मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, त्याचं त्यालाच कळलं नाही.

बाईंनी दस्ता हलक्या हाताने रुमालात गुंडाळला, लेकराला गुंडाळावं तसा, आणि छातीशी धरून निघाल्या.

तो दारापर्यंत गेला. त्या वळणाआड जाईपर्यंत उभा राहिला.

परत येऊन त्याने कपाट आवरायला घेतलं. बंदूक जिथे ठेवलेली असायची, त्या फळीवर अक्रोडाच्या चार-पाच ताज्या ढलप्या पडल्या होत्या.

त्याच्या दुकानात पटाशी कधीच नव्हती.

त्याने एक ढलपी उचलून तळहातावर घेतली. ती अजून कोमट होती.